झाडांचं इंटरनेट, इंदूरचं खत आणि गुमगावचा ढिगारा



जंगलांवरचा भाग गेल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरतोय. "झाडं जमिनीखालून एकमेकांशी बोलतात, हे खरं का?" सोबत कुठलं तरी रील. धुक्यातलं उंच जंगल, मागे पियानो, आणि मुळांमधून पळणारे निळे दिवे. एक 'आई झाड' पिल्लांना अन्न पाठवतंय, मरता मरता शेवटचा निरोपही धाडतंय.

मी दिवसभर सर्व्हर आणि नेटवर्कच्या कामात असतो, त्यामुळे 'झाडांचं इंटरनेट' असं कुणी म्हटलं की माझे कान लगेच टवकारतात. म्हटलं, बघू तरी हे नेटवर्क नेमकं कुणी शोधलं. शोधत गेलो तर गोष्ट बर्लिनला सुरू होते, पण मग सुरतेजवळच्या एका खाणीत येते, इंदूरला थांबते आणि नागपूर जिल्ह्यातल्या एका उजाड ढिगाऱ्यावर चढते. आणि एक गोष्ट कळली, जी त्या रीलवाल्यांनी सांगितलेली नाही: ते जंगल आपलं नाही. आपल्या सुरगाणा-पेठच्या सागाखाली जी बुरशी राहते, ती वेगळीच आहे.

तर आज तिचा इतिहास. एपिसोड ऐकलेल्यांनी हे वाचताना दोन-चार ठिकाणी जास्तीचे तपशील सापडले तर चकित होऊ नका, लिहिताना भर घातली आहे.

राजाला हवी होती ट्रफल

१८८०च्या दशकात प्रशियाच्या सरकारला ट्रफलची शेती करायची होती. ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी, भयंकर महाग विकली जाणारी एक बुरशी. काम सोपवलं आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या वनस्पतीशास्त्रज्ञाकडे. तो बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात शिकवायचा. ट्रफल ओक-बीचसारख्या झाडांखालीच का सापडते, हे बघायला त्याने मुळं उकरली. ट्रफलची शेती काही जमली नाही. पण मुळांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर त्याला दिसलं की जवळजवळ प्रत्येक टोकावर बुरशीचा मोजा चढवलेला आहे. एखाद्या आजारी झाडावर नाही, धडधाकट झाडांवर. सगळीकडे.

१८८५ साली त्याने या जोडगोळीला नाव दिलं मायकोरायझा. ग्रीकमध्ये मायकेस म्हणजे बुरशी, रायझा म्हणजे मूळ. बुरशी झाडाला मातीतलं पाणी आणि क्षार पुरवते, झाड तिला खायला घालतं, असं त्याचं म्हणणं. बुरशीला त्याने झाडाची दाई म्हटलं.

लोकांनी त्याला वेड्यात काढलं. त्या काळी बुरशी म्हणजे रोग, एवढंच समीकरण. आयर्लंडमधला बटाट्याचा दुष्काळ लोकांच्या आठवणीत होता, युरोपातल्या द्राक्षबागा भुरीने झोडपलेल्या होत्या. त्यात हा माणूस म्हणतोय की बुरशी झाडाचं दूध पाजते! विरोधकांत एक मोठं नाव होतं रोबेर्ट हार्टिग. गंमत अशी की रोबेर्टचे वडील थेओडोर हार्टिग यांनी चाळीसेक वर्षं आधी मुळाच्या पेशींमधली ती जाळी हुबेहूब चितारून ठेवली होती. ती बुरशी आहे हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आज त्या जाळीला 'हार्टिग नेट' म्हणतात. बापाने काढलेलं चित्र, मुलाने नाकारलेला अर्थ.

फ्रांकने मग साधा प्रयोग केला. पाइनची रोपं दोन प्रकारच्या मातीत लावली: एक तापवून निर्जंतुक केलेली, एक जंगलातली जशीच्या तशी. निर्जंतुक मातीतली रोपं खुरटली.

हीच गोष्ट पुढे अर्धं जग फिरली. पोर्टो रिकोमध्ये १९३०च्या दशकापासून पाइन लावायचे प्रयत्न सुरू होते आणि रोपं पिवळी पडून मरत होती. पाणी होतं, ऊन होतं, खत देऊन झालं. १९५५मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या पाइनच्या जंगलातली माती आणून रोपांना दिली, तेव्हा ती उभी राहिली. त्या बेटावर पाइनची बुरशीच नव्हती. झाड परदेशी नेता येतं, त्याचा जमिनीखालचा संसार मागे राहून जातो.

दोन बुरश्या, दोन स्वभाव

इथे थोडं जीवशास्त्र लागेल. पुढचं सगळं त्यावर उभं आहे, म्हणून स्किप करू नका.

फ्रांकने पाहिलेली बुरशी मुळाला बाहेरून गुंडाळते. पेशींच्या मधल्या फटींत शिरते, पेशीच्या आत जात नाही. तिला आपण 'बाहेरची' म्हणू. पाइन, ओक, बर्च, बीच, आणि आपल्याकडचा साल, ही तिची झाडं. पावसाळ्यात जमिनीवर छत्र्या उगवतात, त्यातल्या कित्येक या गटातल्या.

दुसरी 'आतली'. ही थेट मुळाच्या पेशीत शिरते आणि आत झुडपासारखी फांद्या-फांद्यांची रचना तयार करते. तिला आर्बस्क्यूल म्हणतात, लॅटिनमध्ये छोटं झाड. म्हणजे झाडाच्या मुळात बुरशीचं झाड. या बुरशीची छत्री कधीच उगवत नाही. डोळ्यांना दिसत नाही, चव नाही, वास नाही, आणि म्हणून तिच्यावर रीलही नाही. आपल्याकडच्या शेतीच्या पुस्तकांत हिला जुन्या नावाने 'व्हॅम' म्हणतात.

जमिनीवरच्या वनस्पतींच्या जातींपैकी सुमारे ७२ टक्के या आतल्या बुरशीशी नातं ठेवतात. बाहेरच्या बुरशीशी फक्त २ टक्के. पण त्या २ टक्क्यांत थंड प्रदेशातली अवाढव्य जंगलं येतात, आणि विद्यापीठं, कॅमेरे, माहितीपटवाले नेमके त्याच प्रदेशात जास्त. साग, आंबा, जांभूळ, करंज, कडुनिंब ही सगळी मंडळी आतल्या बुरशीची. ज्वारी, कांदा, द्राक्षवेलही.

ही आतली बुरशी करते काय? मुख्य काम स्फुरद. नत्र-स्फुरद-पालाशमधलं स्फुरद मातीत असतं, पण हलत नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते कॅल्शियमला चिकटून बसतं, घाटमाथ्याच्या तांबड्या मातीत लोह-ॲल्युमिनियमला. मुळाच्या अगदी जवळचं स्फुरद संपलं की मूळ उपाशी, चार मिलिमीटरवर भरपूर असलं तरी. बुरशीचे धागे केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. मुळाला जाता येत नाही अशा फटींत ते जातात आणि तिथलं स्फुरद आणून देतात. बदल्यात साखर घेतात, आणि चरबीसुद्धा. २०१७ साली स्पष्ट झालं की या बुरशीला स्वतःची चरबी तयारच करता येत नाही, त्यासाठी लागणारी जनुकं तिच्याकडे नाहीत. म्हणजे झाडाशिवाय ती जगूच शकत नाही. पावाच्या तुकड्यावर उगवणारी ही बुरशी नव्हे.

आणि हे नातं किती जुनं? स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळच्या खडकात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या पेशी जशाच्या तशा टिकल्या आहेत. १९९४मध्ये त्यांत आर्बस्क्यूल सापडले. त्या वनस्पतींना खरी मुळंसुद्धा नव्हती. आधी बुरशी आली, मूळ नंतर.

सुरतेच्या खाणीतला राळेचा खडा

आता आपल्या बाजूला येऊ. सुरत जिल्ह्यात तडकेश्वर नावाची लिग्नाइटची खाण आहे. नाशिकपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत. लिग्नाइट म्हणजे कच्चा कोळसा, आणि त्यात मिळतात राळेचे खडे, अंबर. वय सुमारे ५.२ कोटी वर्षं. तुलनेसाठी, ज्या काळ्या बसाल्टवर आपला ब्रह्मगिरी उभा आहे तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणजे सह्याद्रीचा खडक थंड होऊन जमाना झाला होता, त्यानंतरचं हे जंगल.

२०११मध्ये जर्मन आणि भारतीय संशोधकांच्या एका गटाने या खाणीतल्या एका खड्यात चक्क बुरशीने गुंडाळलेली मुळं दाखवली. बाहेरची बुरशी! फुलं येणाऱ्या झाडांच्या जंगलातला बाहेरच्या बुरशीचा एवढा जुना पुरावा तोवर मिळालेला नव्हता. ती राळ सालच्या कुळातल्या झाडांची.

म्हणजे भारत आशियाला पुरता चिकटलेलाही नव्हता, तेव्हा गुजरातच्या किनाऱ्यावर सालच्या भाऊबंदांचं दमट, घनदाट जंगल होतं. या कुळाबद्दल २०२२मध्ये आलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की ते आफ्रिकेत जन्मलं, भारताच्या भूखंडावर आलं आणि इथून आग्नेय आशियात पसरलं. आज बोर्निओत या झाडांचं राज्य आहे. आपल्या बाजूचं हवामान कोरडं होत गेलं आणि इथलं ते जंगल संपलं. दक्षिणेच्या ओल्या घाटात त्या कुळाची काही झाडं उरली, मध्य आणि पूर्व भारतात साल उरला. पचमढीला सालचं एक एकटं बेट आहे, बाकी सालवनांपासून तुटलेलं. सातपुडा चढून कधी गेलात तर बघा.

या इतिहासाची चव मात्र अजून घेता येते. बस्तरमध्ये पहिल्या पावसात सालच्या झाडाखाली 'बोडा' निघतो. गोल, गोटीसारखी बुरशी. बाजारात मटणापेक्षा महाग जाते. सालच्या मुळांशिवाय ती उगवत नाही, म्हणून शेडमध्ये बटण मशरूमसारखी तिची शेती होत नाही. आपल्या कोकणातली, गोव्यातली आवडती अळंबी मात्र वारुळातून येते, ती वाळवीची मैत्रीण आहे, झाडाच्या मुळांची नाही. खवय्यांच्या ताटात काय पडतं, यावरून त्या जंगलाखाली कोण राहतं याचा अंदाज येतो, असं मला वाटतं. आपलं जंगल आतल्या बुरशीचं. त्यामुळे ताटात तिचं काहीच नाही.

हॉवर्ड आणि वाड

इंदूरला जाऊ. साल १९२४. होळकर दरबाराने दिलेल्या जागेवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. प्रमुख आल्बर्ट हॉवर्ड, १९०५पासून हिंदुस्थानात काम करणारा इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ. काम कापसाचं होतं, पण त्याचं डोकं एका प्रश्नात अडकलेलं: जंगलाला कुणी खत घालत नाही, फवारणी करत नाही, तरी ते हजारो वर्षं कसं टिकतं? त्याचं उत्तर होतं, जंगल स्वतःचा पालापाचोळा कुजवून परत घेतं. मग शेतातही तेच करू. पाचट, तणं, शेण, गोमूत्राची माती, राख यांचे थर, ठरावीक दिवसांनी पलटायचे, साधारण तीन महिन्यांत खत तयार. हीच ती जगप्रसिद्ध इंदूर पद्धत.

१९३१मध्ये यावरचं पुस्तक ऑक्सफर्डने छापलं. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत: आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड इंदूरला रसायन विभागात मुख्य साहाय्यक होते. कुजण्याच्या प्रक्रियेत नत्राचं काय होतं, ओल किती, उष्णता किती, ही मोजमापं म्हणजे त्या पुस्तकाचा कणा. पण आज सेंद्रिय शेतीच्या कुठल्याही व्हिडिओत हॉवर्डला 'जनक' म्हणतात आणि वाडांचं नाव शोधून सापडत नाही. कोडच्या रेपॉझिटरीत निदान कुणाचं योगदान कुठे हे कायम दिसतं. इथे तेवढंही नाही.

बुरशी या गोष्टीत थोडी उशिरा येते. हॉवर्ड इंदूर सोडून इंग्लंडला गेला, त्यानंतर १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने मायकोरायझाचं काम पाहिलं. तिकडे डॉर्सेटमध्ये वेअरहॅमच्या माळावर पाइन-स्प्रूस जगत नव्हते. एम. सी. रेनर या संशोधक बाईंनी तिथे कंपोस्ट वापरून दाखवलं की रोपं आणि त्यांच्या मुळांवरची बुरशी, दोन्ही तरारतात. हॉवर्डला वाटलं, सापडलं! कंपोस्टने पीक सुधारतं यामागचा हरवलेला दुवा हाच. मग त्याने चहाच्या, उसाच्या, कापसाच्या मुळांत बुरशी शोधली, आणि १९४०च्या पुस्तकात लिहिलं की मातीचा कस आणि झाडाचा रस यांच्यामधला जिवंत पूल म्हणजे ही बुरशी.

पूल आहे, हे बरोबर निघालं. पण हॉवर्डने त्या पुलावरून सगळंच नेलं. बुरशी पचवून झाड प्रथिनं मिळवतं, त्यातून पिकाची, मग जनावरांची, मग माणसांची तब्येत ठरते, इथपर्यंत तो गेला. पुढच्या प्रयोगांनी त्यातला स्फुरदाचा भाग पक्का केला, बाकीचं पुष्कळसं गळून पडलं. आतल्या बुरशीचा पद्धतशीर अभ्यासच मुळी १९५०च्या दशकात सुरू झाला, इंग्लंडमध्ये बार्बरा मॉस यांच्या कामापासून. १९६३मध्ये गर्डेमान आणि निकल्सन यांनी माती पाण्यात कालवून, वेगवेगळ्या चाळण्यांतून गाळून बुरशीचे बीजाणू वेगळे काढायची रीत लिहिली. चाळणी आणि पाणी! आजही हीच रीत वापरतात.

भारतात डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत बी. के. बक्षी यांनी वनीकरणातल्या मायकोरायझावर १९७४मध्ये अहवाल काढला. आपल्या जवळचं बघायचं तर गोवा विद्यापीठात बर्नार्ड रॉड्रिग्ज यांनी गोव्याच्या मातीतल्या आतल्या बुरशीच्या जाती शोधल्या, त्या ओळखण्याचं पुस्तक २००९मध्ये सहलेखक मुथुकुमार यांच्यासोबत काढलं. या विषयाला प्रेक्षक कमी. पण सह्याद्रीखाली कोण राहतं याची हजेरी घेणारी माणसं हीच.

रीलमधलं नेटवर्क

आता त्या मूळ प्रश्नाकडे. १९९७मध्ये सुझन सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या जंगलात बर्च आणि डग्लस फर शेजारी शेजारी लावले. एकाला एका प्रकारचा ओळख पटणारा कार्बन दिला, दुसऱ्याला दुसऱ्या प्रकारचा. काही दिवसांनी एकाचा कार्बन दुसऱ्यात सापडला. दोघांची बुरशी समान. मासिकाने मुखपृष्ठावर 'वूड वाइड वेब' असा शब्दखेळ केला, आणि इंटरनेट नुकतं घरोघरी येत होतं त्या दिवसांत तो जो चिकटला तो आजपर्यंत.

त्या प्रयोगात तिसरं एक झाड होतं, सेडार. त्याची बुरशी वेगळी, म्हणून ते नेटवर्कच्या बाहेरचं मानून तुलनेसाठी ठेवलं होतं. कुठली बुरशी? आतली. म्हणजे आपल्या साग-आंब्याच्या पंगतीतलं झाड त्या प्रसिद्ध प्रयोगात 'कनेक्शन नसलेला' म्हणून बसवलं होतं! आणि त्याच प्रयोगावरून बनलेलं रील दाखवून आपण सह्याद्रीतल्या झाडांबद्दल बोलतो.

२०२३ साली जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी आजवरचे सगळे पुरावे तपासून पाहिले. यातल्या मेलनी जोन्स १९९७च्या त्या पेपरच्या सहलेखिका होत्या. स्वतःच्याच शोधाबद्दल पसरलेल्या गोष्टी तपासायला बसणं सोपं नसतं. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा: झाडांना जोडणारी सलग जाळी जंगलांत सर्रास आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. जाळीतून गेलेल्या अन्नाने रोपांना फायदा होतो की नाही, याचे निकाल उलटसुलट आहेत. आणि मोठं झाड आपल्याच पिल्लांना निवडून अन्न किंवा इशारे पाठवतं, याला प्रत्यक्ष जंगलातला एकही छापील पुरावा नाही.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. केबल लावलेली दिसली म्हणजे डेटा जातोय असं नाही. डेटा गेला म्हणजे समोरच्याने तो वापरला असं नाही. आणि वापरला तरी पाठवणाऱ्याच्या मनात प्रेम होतं, हे कुठल्याच लॉगमध्ये दिसत नाही. कार्बन हवेतून, मातीतल्या पाण्यातूनही जाऊ शकतो. शेजारच्या मुळापर्यंत पोचला तरी बुरशीच्याच अंगात राहिलेला असू शकतो. जाळी तोडून, बाकी सगळं तसंच ठेवून प्रयोग करणं महाकठीण, कारण खणलं की मुळंही तुटतात.

झाडं 'बोलतात' हे अजून सिद्ध नाही, म्हणजे बुरशीचं महत्त्व कमी झालं असं कुणाला वाटेल. मला उलट वाटतं. निरोपांची गोष्ट बाजूला ठेवली तरी जे उरतं ते जंगल उभं राहील की नाही हे ठरवू शकतं. त्यासाठी गुमगावला चला.

गुमगाव

नागपूर जिल्ह्यात गुमगावची मॅंगनीजची खाण आहे. खाणीत धातू काढण्याआधी वरची माती आणि खडक काढून बाजूला टाकतात, त्याचे डोंगर होतात. या ढिगाऱ्याला माती म्हणणं चूक आहे. सेंद्रिय काहीच नाही, जड धातू भरपूर, पाणी धरत नाही, विदर्भाच्या उन्हात तव्यासारखा तापतो. वर्षानुवर्षं तिथे गवतही नीट येत नाही. पावसात त्याचा गाळ ओढ्यात, शेतात.

नागपूरच्या नीरीतल्या, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतल्या आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी इथे झाडं उभी करायचं ठरवलं. खड्डे घेतले, त्यात साखर कारखान्यातला प्रेसमड घातला, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ. रोपांच्या मुळांशी नत्र धरणारे जिवाणू आणि व्हॅमचे बीजाणू दिले. मग साग, शिसव, अशी झाडं. तिघांपैकी एक वगळून चालत नाही. नुसता गाळ घातला तर अन्न आहे पण आणून देणारा नाही. नुसती बुरशी दिली तर तिला आणायला काही नाही. ढिगाऱ्यावर झाडं उभी राहिली, मागोमाग पक्षी-कीटक परत आले, त्यांच्या येण्यावरही या गटाने पुढे लिहिलं.

२००८मध्ये जुवारकर आणि जांभुळकर यांनी कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर, १० हेक्टरवर केलेल्या अशाच कामाचा पेपर छापला. तिथे हेक्टरी ५० टन सांडपाणी शुद्धीकरणातला गाळ वापरला होता. त्यातलं एक निरीक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: सुरुवातीला त्या ढिगाऱ्यात व्हॅमचे बीजाणू जवळपास नव्हतेच. चांगल्या मातीत ही बुरशी न बोलावता असते. जमिनीचा वरचा थर गेला की ती जाते, आणि थर परत तयार होईपर्यंत झाडाला उभं राहायला कुणी मदत करत नाही.

पाकीट घ्यावं का?

नाशिकमधून हा प्रश्न हमखास येणार, म्हणून आधीच बोलतो. पिंपळगाव, निफाड, दिंडोरीच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मायकोरायझाचं पाकीट मिळतं. फ्रांकचा ग्रीक शब्द इथे शेतकऱ्यांच्या तोंडी अगदी रुळलाय. मला यातला विरोधाभास फार आवडतो: डावणी आणि भुरीसाठी हंगामभर बुरशीनाशकं फवारणारा तालुका बुरशी विकत घेतो. पण घोटाळा फवारणीपेक्षा ड्रिपमध्ये जास्त आहे. झाडाला स्फुरद आयतं, भरपूर मिळालं की ते बुरशीला साखर द्यायचं कमी करतं, मुळातली बुरशी घटते. एका हाताने ड्रिपमधून फॉस्फरिक ॲसिड आणि दुसऱ्या हाताने मायकोरायझा, असं केलं तर पैसे दोन्हींचे जातात. शिवाय ही बुरशी जिवंत मुळांवरच वाढवावी लागते, त्यामुळे चांगलं पाकीट बनवणं कष्टाचं. परदेशात बाजारातली पाकिटं तपासली तेव्हा त्यातल्या अनेकांतून बुरशी मुळाला लागलीच नाही.

आणि जंगलात? चांगल्या मातीत, जिथे जुनी झाडं शेजारी आहेत, तिथे पाकीट बहुतेक वेळा वाया. ज्या मुरमाड, खरवडलेल्या उतारांवर आपण दर पावसाळ्यात उत्साहाने वृक्षारोपण करतो, तिथे मात्र प्रश्न खरा आहे. तिथली रोपं मरतात ती पाण्यावाचून, शेळ्यांनी, वणव्याने, हे आधी मान्य करू. पण खड्डा मोजताना, रोप किती फुटांचं हे मोजताना, त्या मातीत बुरशी आहे का हे कुणी तपासत नाही. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर नाशिककरांनी देवराई वाढवली, देशी झाडं लावून. तिथल्या मुळांत आता काय काय वसलं असेल, हे बघायला मला फार आवडेल.

ते बघणं वाटतं तेवढं अवघड नाही. १९९८मध्ये छापलेली एक रीत आहे. बारीक मुळं पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात उकळायची म्हणजे ती पारदर्शक होतात. हे रसायन भाजतं, त्यामुळे हे काम कॉलेजच्या लॅबमध्ये, मास्तर शेजारी असताना. मग साध्या व्हिनेगरमध्ये पाच टक्के फाउंटन पेनची शाई मिसळायची आणि मुळं त्यात तीन मिनिटं उकळायची. पाण्यात दोन थेंब व्हिनेगर टाकून धुवायची. अकरावी-बारावीच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली की मुळाच्या पेशी फिकट दिसतात आणि बुरशी शाईच्या रंगाची. कडुनिंबाचं मूळ घ्या, कांद्याचं घ्या, आजोबांच्या बांधावरच्या आंब्याचं घ्या. कुठे काय दिसलं ते फोटोसकट पाठवा, झाडाचं नाव आणि गाव लिहून. कांद्यात नक्की दिसेल. कोबीच्या मुळात दिसणार नाही. का नाही, ते पुढच्या भागात.